घोट्याला प्लेट, घरात सासूबाई आणि हाताशी दोन महिने

पत्र: नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ५४, नोकरी १९९७ पासून. तीन आठवड्यांपूर्वी जिन्यावरून घसरले, घोटा मोडला, ऑपरेशन करून प्लेट बसवली. डॉक्टर म्हणतात, अजून किमान सहा आठवडे पाय टेकायचा नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात यजमान आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. दिवसभर हातात मोबाइल असतो आणि रात्री झोप येत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "आयती सुट्टी मिळाली, सोनं करा. टिळकांनी तुरुंगात गीतारहस्य लिहिलं!" मला मात्र साधं पुस्तक हातात धरवत नाही, त्याची लाज वाटते. यजमान स्वयंपाक करतात, मी पलंगावरून सूचना देते, रोज वादावादी होते. सासूबाई तेच तेच किस्से सांगत बसतात. या बसून राहण्यातून खरंच काही चांगलं निघतं का?

उत्तर:

ताई,

आधी टिळकांचा विषय संपवू. मंडालेच्या तुरुंगात टिळक १९०८ ते १९१४ होते आणि गीतारहस्याचा खर्डा त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं लिहून काढला, हे खरं आहे. पण गीतेवरचं त्यांचं वाचन आणि चिंतन त्याआधी कितीतरी वर्षं चालू होतं. तुरुंगात ते उतरवून काढायला सलग वेळ मिळाला, एवढंच. तुम्हाला भेटायला येणारी मंडळी नेमकी ही बाजू विसरतात.

त्यामुळे घरात अडकलेल्या माणसाला आमचा सल्ला असा असतो, की नवीन काही सुरू करू नका. जर्मन शिकणं, बासरी, ऑनलाइन अभ्यासक्रम हे सगळं दुखऱ्या अंगानं आणि मोडक्या झोपेनं होत नाही. दहा दिवसांत सुटतं आणि वर अपराधीपणा ठेवून जातं. घरात आधीच अर्धवट साठून पडलेली कामं मात्र अशा काळात आश्चर्य वाटावं इतकी छान होतात, कारण त्यांना हुशारी लागत नाही, एका जागी बसणारं माणूस लागतं. तुमच्या पत्रात अशी तीन कामं आम्हाला दिसली. गंमत म्हणजे त्यातली दोन तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहेत.

गेलेल्या तीन आठवड्यांचा हिशेब मांडू नका. ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन आठवडे वेदना, गोळ्यांची गुंगी आणि तुटक झोप यांतच जातात. तेव्हा पुस्तक हातात न धरवणं हा आळस नव्हे.

आता शरीराचं थोडं, कारण ते बिघडलं तर पुढचं काही होत नाही. सूज उतरवण्यासाठी घोटा छातीच्या पातळीच्या वर हवा. म्हणजे आडवं होऊन पायाखाली दोन-तीन उशा. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तेवढ्यानं पाय छातीच्या वर येत नाही आणि संध्याकाळी बोटं टम्म होतात. उशा पोटरीखाली येऊ द्या, टाच अधांतरी राहू द्या. टाचेवर सतत दाब राहिला तर तिथे जखम होते आणि प्लास्टरच्या आत ती दिसतही नाही. जागं असताना तासातासाला पायाची बोटं हलवा. डॉक्टरांची हरकत नसेल तर मांडीचा व्यायामही करा: पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. मांडीचा स्नायू न वापरल्यानं भराभर ओसरतो आणि पाय टेकायची परवानगी मिळते त्या दिवशी गुडघा लटपटतो, तो यामुळेच. वॉकरची मूठ, हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथे येतं तिथे हवी. उंच असेल तर खांदे भरून येतात. पोटरीत एका जागी दुखणं आणि गरमपणा, बोटं निळी, गार किंवा बधिर होणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखून धाप लागली तर फोनचीही वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा. रक्त पातळ करायचं औषध दिलं असेल तर ते चुकवू नका.

झोपेचं कारण बहुतेक हे असावं, की दिवसभर आणि रात्रभर जागा एकच. सकाळी अंघोळीनंतर दिवाणावर या, खिडकीजवळ. पाय वर करून आडवं व्हायचं ते दिवसा तिथेच. पलंग रात्रीपुरता. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका. कामासाठी दिवसाचे दोन तुकडे पुरेत, सकाळी चाळीस मिनिटं आणि चहानंतर चाळीस. जास्त करायला जाल तर तिसऱ्या दिवशी पाठ धरेल.

पहिलं काम सासूबाईंचं. ८१ वर्षांचं माणूस रोज समोर बसून बोलतंय आणि तुम्हाला उठून जाता येत नाही, असा योग पुन्हा यायचा नाही. घरातल्या जुन्या फोटोंची पेटी किंवा अल्बम दिवाणावर मागवा. बहुतेक घरांत या फोटोंतली निम्मी माणसं ओळखणारी एकच व्यक्ती उरलेली असते.

"हा फोटो कोणत्या सालचा?" असं विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही, आणि आठवत नाही म्हटल्यावर माणूस मिटतं. त्याऐवजी मोठ्या घटनेला टेकवून विचारा. तुमच्या भागात सगळ्यात भक्कम खुंटी म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. समजा फोटोत स्टुडिओच्या खुर्चीला धरून वर्षाचं पोर उभं आहे. "कोयनेच्या भूकंपात हा रांगत होता का?" "छे, पोटात होता. आम्ही अंगणात येऊन बसलो, मला सातवा लागलेला." झालं. पोराचा जन्म १९६८ च्या सुरुवातीचा, फोटो १९६९ चा. पुढच्या खुंट्या: बहात्तरचा दुष्काळ, पंचाहत्तरची आणीबाणी, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००५ आणि २०१९ चे महापूर. प्रत्येक फोटो दोन खुंट्यांच्या मध्ये बसवला की साल एक-दोन वर्षांच्या फरकानं हाती लागतं.

उत्तरं लिहून घेत बसू नका, रेकॉर्ड करा, आणि रेकॉर्ड करतोय हे त्यांना सांगून करा. मोबाइलमध्ये व्हॉइस रेकॉर्डर असतोच. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. फोन टेबलावर नुसता ठेवला की भांड्याचा, कपाचा प्रत्येक ठोका त्यात येतो, म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. पंखा बंद किंवा अगदी कमी, आणि कुकरची वेळ टाळा. सुरुवातीला तारीख, सासूबाईंचं नाव आणि कोणता अल्बम ते स्वतः बोला. पंचवीस-तीस मिनिटांत थांबा. त्यापुढे त्या दमतात आणि नावांची सरमिसळ सुरू होते. एका कानानं कमी ऐकू येत असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला बसा आणि तुमच्या तोंडावर उजेड पडेल असं बघा. ओठ दिसले की निम्मं ऐकू येतं.

प्रश्न वस्तूंबद्दल विचारा. "तेव्हा कसं वाटलं?" याला "काय वाटायचंय?" हेच उत्तर मिळतं. "माहेरी पाणी कुठून आणायचे, घागर कुणाच्या डोक्यावर?" याला मात्र अर्धा तास मिळतो आणि त्यात विहिरीचा मालक, त्याची भावकी, वाटेवरची वाडी, सगळं येतं.

आणि तेच तेच किस्से? ते पुन्हा रेकॉर्ड करा. त्याच किश्श्यात दुसऱ्या वेळी एखादं गावाचं नाव निघतं, तिसऱ्या वेळी माणसाचं. "हे झालंय सांगून" असं म्हणायचं नाही, चूक सुधारायची नाही, आणि त्या वेळी तिसऱ्या माणसाला खोलीत बसवायचं नाही. यजमान बसले की "आई, तसं नव्हतं ते" सुरू होणार. त्यांचं म्हणणं वेगळ्या दिवशी, वेगळ्या रेकॉर्डिंगमध्ये घ्या. दोन्ही ठेवा. कोण बरोबर हे ठरवायची घाई नाही. रेकॉर्डिंग लगोलग नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. जुन्या गोष्टींत वाटण्या आणि रुसवे असतातच.

फोटोंचे फोटो काढताना खिडकीतला पडता उजेड वापरा, थेट ऊन आणि फ्लॅश नको. फोटोखाली गडद, न चमकणारं कापड घाला, मोबाइल फोटोला अगदी समांतर धरा, खोलीतला दिवा बंद करा. काचेच्या चौकटीतला फोटो असेल तर काचेत तुमचंच प्रतिबिंब येतं. तेव्हा मोबाइलच्या मागे काळी ओढणी धरायला कुणाला तरी सांगा. ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम निघाले, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले, तर त्यातले फोटो नखानं उचकटू नका. गोंद पिवळा पडून फोटोला धरून बसलेला असतो आणि फोटोचा थर सोलून निघतो. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवत न्यावा. तरी सुटला नाही तर आहे तिथेच त्याचा फोटो घ्यावा आणि सोडून द्यावा. नावं लिहायची तर जुन्या कागदी फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. रंगीत गुळगुळीत फोटोंना पेन्सिल लागत नाही आणि बॉलपेनची शाई पुढच्या फोटोवर उमटते. ते सरळ कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा. कुणाला पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, एरवी फोटो दाबून लहान होतो.

दुसरं काम स्वयंपाकघराचं, म्हणजे तुमच्या भांडणाचं. पलंगावरून दिलेली सूचना नेहमी उशिरा पोचते. "मोहरी तडतडू दे" हे शब्द तिथे जाईपर्यंत हिंग पडलेला असतो, आणि मग ती सूचना न राहता टोमणा होते. म्हणून बोलायचं ते गॅस पेटायच्या आधी, पाच मिनिटं. पेटल्यावर ताट येईपर्यंत गप्प. हे अवघड आहे, पण भाजी दोन दिवस पांचट झाली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

रोजच्या पदार्थांचे पत्ते करा, एका पत्त्यावर एक पदार्थ, आणि त्यात "अंदाजानं" हा शब्द बंद. वरणाचा पत्ता असा: तूरडाळ एक वाटी, धुऊन अर्धा तास भिजत. पाणी तीन वाट्या, चिमूटभर हळद आणि हिंग, तेलाचे दोन थेंब म्हणजे फेस शिट्टीतून बाहेर येत नाही. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू द्यायची, मीठ शेवटी. बोअरच्या जड पाण्यात डाळ नीट शिजत नाही, त्यात यजमानांचा दोष नसतो. डाळीपुरतं नळाचं पाणी वेगळं ठेवायला सांगा. तुमच्या तोंडी असलेली बाकीची माहितीही याच पत्त्यांवर उतरू द्या: सिलिंडर किती दिवस पुरतो, दूधवाल्याचा हिशेब कुठे, पाणी किती वाजता सुटतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं शाळा सांभाळून तुम्ही हे एकट्यानं डोक्यात वाहिलंय. ते दुसऱ्याच्या हातात जाणं हा या दुखण्याचा सगळ्यात टिकाऊ फायदा ठरेल, फक्त पाय बरा झाल्यावर ते परत ओढून घेऊ नका.

याच सदरातली एक खास गोष्ट. एप्रिल चालू आहे, म्हणजे वर्षाच्या कांदा-लसूण चटणीचे दिवस. सासूबाईंच्या हातची चटणी असेल तर तिचं माप आत्ताच धरता येईल. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा आणा. त्यांना "किती घेता?" असं विचारू नका. त्यांना नेहमीसारखं मुठीनं घेऊ द्या आणि तुम्ही फक्त डबा तोला, घेण्याआधी आणि घेतल्यानंतर. धन्याचा डबा आधी ६१२ ग्रॅम, नंतर ५७४, म्हणजे त्यांची मूठ ३८ ग्रॅमची. ब्याडगी किती, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी किती, तीळ, खोबरं, लसूण, मीठ, सगळं असंच. कांदा मात्र दोनदा तोला, चिरल्यावर आणि वाळवून-तळून झाल्यावर. चटणीला पावसाळ्यात बुरशी येते ती बहुतेक वेळा ओलसर राहिलेल्या कांद्यामुळे, आणि "कांदा कुरकुरीत होईपर्यंत" म्हणजे नेमकं किती हे त्या दुसऱ्या वजनावरून कळतं. मिरची भाजायच्या वेळी दार लावून घ्या. ठसक्यानं उठून पळता येणार नाही तुम्हाला. डंकावर कुटून आणायचं काम यजमानांचं.

नवीन काही हवंच असेल तर एकच गोष्ट सुचवतो, ज्याला अभ्यास लागत नाही. सकाळी साडेसहाला खिडकी उघडून पंधरा मिनिटं पक्षी ऐका. मोबाइलवर मर्लिन नावाचं मोफत ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं. ते चुकतंही, म्हणून पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय नाव पक्कं करू नका. सध्या कोकीळ ऐकू येईल, मेअखेर पावशा.

दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशातच जीव लागेना, झोप आणि भूक दोन्ही गेली, तर ते "बसून कंटाळा आलाय" यात घालू नका. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला.

तिसरं काम तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण वय ५४ आणि नोकरी १९९७ ची म्हटल्यावर आम्हाला ते लगेच दिसलं: सेवापुस्तक, म्हणजे नोकरीभराच्या सगळ्या नोंदींचं कार्यालयातलं पुस्तक. ५८ व्या वर्षी निवृत्ती म्हणजे चार वर्षं उरली. पेन्शनची प्रकरणं अडकतात ती बहुधा वीस-वीस वर्षांपूर्वी राहून गेलेल्या एखाद्या नोंदीवर, आणि ती नोंद करणारं कार्यालय तोवर तीनदा बदललेलं असतं. पुस्तक पंचायत समितीत असतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे दुय्यम प्रतीसाठी अर्ज लिहा, शाळेतल्या सहकारी बाईंकडून पाठवा. प्रतीला वेळ लागणार असेल तर परवानगी घेऊन त्यांना पानापानाचे फोटो काढून आणायला सांगा.

मग रोज चार-पाच पानं. एका वहीत तीन रकाने: पान, नोंद, काय नाही. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी जुळते का. लग्नानंतरच्या नावाची नोंद आहे का आणि आधार, पॅन, बँक या सगळीकडे नाव तसंच आहे का. स्थायित्वाचा आदेश. दर वर्षीची वेतनवाढ, आणि प्रत्येक वर्षाच्या सेवा पडताळणीवर सही. बारा वर्षांची वरिष्ठ श्रेणी (तुम्ही चटोपाध्याय म्हणता ती) आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवड श्रेणीचा विषय. सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती, म्हणजे १ जानेवारी २००६ आणि १ जानेवारी २०१६ ची, आणि त्यावर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का. हा शिक्का राहिला तर निश्चितीतली चूक थेट निवृत्तीच्या तोंडावर सापडते आणि जादा गेलेल्या पगाराची वसुली निघते. संगणक परीक्षेची नोंद हीदेखील वसुलीची नेहमीची जागा. रजेचा हिशेब स्वतः पुन्हा मांडा, आत्ताच्या वैद्यकीय रजेसकट. रुजू होताना लागणारं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र याच फाइलमध्ये ठेवायचं. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि गटविमा यांची नामनिर्देशनं वेगवेगळी असतात. एक भरलं म्हणजे तिन्ही झाली असं नाही, आणि लग्नाआधीचं नामनिर्देशन वडिलांच्या नावे तसंच राहिलेलं बऱ्याच बायकांच्या पुस्तकात निघतं.

फोटो आणि चटणी थोडी पुढेमागे झाली तर चालेल. हा अर्ज मात्र याच आठवड्यात जाऊ द्या. मे लागला की शाळांना सुट्टी, सहकारी बाई गावाला आणि कार्यालयात बदल्यांची गडबड, मग जूनशिवाय कुणी कपाट उघडणार नाही.